ओटीत नुसतं उभं राहून सर्जन होता येतं का?

मेडिकलच्या पीजीच्या जागा वाढल्या, ड्युटीच्या तासांवर चर्चा सुरू आहे. पण ऑपरेशनच्या टेबलापाशी शिकवलं कसं जातं, यावर फारसं कुणी बोलत नाही. हा प्रश्न फक्त डॉक्टर होणाऱ्यांचा नाही. तुमच्या-माझ्या घरचाही आहे.

तुम्ही बाइक कशी शिकलात, आठवतंय? चार वर्षं दादाच्या मागे बसून फिरलात म्हणून गाडी चालवता आली का? नाही ना. हँडल हातात आलं, क्लच सोडताना गाडी दोनदा बंद पडली, मागून कुणीतरी ‘अरे, क्लच हळू सोड’ असं सांगितलं, तेव्हा कुठे जमलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या कारमध्ये तर शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. तुमची गडबड झाली की तो दाबतो. म्हणजे स्टिअरिंग तुमच्याच हातात, पण रस्त्यावरच्या माणसाचा जीव टांगणीला नाही.

आता हाच प्रश्न ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊया. तिथे शिकाऊ सर्जन किती दिवस मागच्या सीटवर बसतो? हँडल त्याच्या हातात कधी येतं? आणि बाजूच्या ब्रेकवर कुणाचा पाय असतो?

हे तुम्ही का वाचायचं? सोपं आहे. तुमच्या आईचं पित्ताशय, बाबांचा हर्निया किंवा तुमचं स्वतःचं अपेंडिक्स उद्या जो सर्जन काढणार आहे, तो आज कुठल्यातरी टीचिंग हॉस्पिटलच्या ओटीत उभा आहे. तुम्ही पुढे कितीही महागड्या खासगी हॉस्पिटलात गेलात, तरी तिथल्या सर्जनचे हात बहुतेक वेळा अशाच एखाद्या गर्दीच्या वॉर्डात तयार झालेले असतात.

जागा दुप्पट, वर्षं तीनच

आधी आकडे. २०१४ मध्ये देशात मेडिकलच्या पदव्युत्तर जागा सुमारे ३१ हजार होत्या. पुढच्या दहा वर्षांत त्या ७० हजारांच्या वर गेल्या. यात सगळ्याच शाखा आल्या. डॉक्टर कमी आहेत, तेव्हा जागा वाढल्या हे चांगलंच झालं. नव्या कॉलेजांसोबत नवी टेबलंही आली. पण दुसऱ्याला शिकवू शकणारे अनुभवी हात एका सरकारी निर्णयाने दुप्पट होत नाहीत. ते तयार व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात.

आणि शिकायला वेळ किती? एमएस जनरल सर्जरी तेव्हाही तीन वर्षांची होती, आजही तीनच वर्षांची आहे. त्यातले तीन महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅममध्ये, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या सरकारी आरोग्यसेवेत काढायचे. हा अनुभव हवाच. पण उरलेल्या काळात थिसिस, ओपीडी, कॅज्युअल्टी, राउंड, ड्रेसिंग, रिपोर्ट गोळा करणं, रक्ताची सोय बघणं आणि डिस्चार्जचे कागद हे सगळं बसवायचं. मग ओटी. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचा, म्हणजे जेआर-वनचा, दिवस कसा जातो ते एकदा कुणाला तरी विचारून बघा.

हल्ली यातल्या एका मुद्द्यावर बोललं जातं, तो म्हणजे तास. १९९२ मध्ये केंद्र सरकारने रेसिडेंट डॉक्टरांसाठी दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सुचवली होती. ती कागदावरच राहिली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, म्हणजे एनएमसीच्या २०२३च्या पीजी नियमावलीत कामाचे तास ‘वाजवी’ असावेत आणि आठवड्याला एक सुटी मिळावी असं म्हटलंय. वाजवी म्हणजे किती, हे ज्याने त्याने ठरवायचं! मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी एनएमसीनेच नेमलेल्या कृतिगटाने २०२४ मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची शिफारस केली. ७४ तासांची मर्यादा हीसुद्धा सुधारणा वाटावी, यावरून आजची परिस्थिती ओळखा.

तासांचा प्रश्न खरा आहे. छत्तीस तास जागा असलेला माणूस काय शिकणार? पण इथेच एक गोम आहे. तास कमी केले म्हणून शिकवणं आपोआप सुधारत नाही.

न्यूयॉर्कमधली एक विद्यार्थिनी

१९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात लिबी झायन नावाची १८ वर्षांची कॉलेज विद्यार्थिनी ताप आणि झटके येतात म्हणून दाखल झाली आणि काही तासांत गेली. ती ऑपरेशनची पेशंट नव्हती. रात्री तिच्याकडे बघणारे डॉक्टर शिकाऊ होते, त्यांची लांबलचक ड्युटी चालू होती आणि सीनिअर डॉक्टर तिथे हजर नव्हते. तिचे वडील पत्रकार होते. त्यांनी प्रकरण लावून धरलं. शेवटी १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नियम केला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, आठवड्याला ८० तासांची मर्यादा. दोन, शिकाऊ डॉक्टरांवर सीनिअर डॉक्टरांची प्रत्यक्ष देखरेख.

२००३ पासून ८० तासांची मर्यादा अख्ख्या अमेरिकेतल्या रेसिडेन्सीला लागू झाली. लोकांच्या लक्षात हे ‘८० तास’ राहिले. ‘देखरेख’ आणि ‘शिकवणं’ हे शब्द मात्र हेडलाइनमध्ये मावले नाहीत.

पुढे काय झालं, ते बघण्यासारखं आहे. २०१३ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’ या जर्नलमध्ये एक सर्वेक्षण छापून आलं. तिकडे पाच वर्षांची जनरल सर्जरी संपवून सुपरस्पेशालिटीच्या फेलोशिपला येणारी मुलं कितपत तयार असतात, असं फेलोशिपच्या प्रमुखांना विचारलं होतं. त्यांच्या मते, नव्याने आलेल्यांपैकी ३० टक्क्यांना दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन स्वतंत्रपणे करता येत नव्हतं. ६६ टक्के जण मोठ्या ऑपरेशनमध्ये देखरेखीशिवाय सलग अर्धा तासही काम करू शकत नव्हते. हे शिकवणाऱ्यांचं मत आहे, परीक्षेचा निकाल नाही, हे लक्षात ठेवा. तरी पाच वर्षं शिकून हे?

याचा दोष अनेकांनी कमी झालेल्या तासांना दिला. पण दुसरंही कारण होतं. पेशंटची सुरक्षितता, कोर्टकचेऱ्या, ओटीच्या वेळेचा हिशेब यामुळे सीनिअर सर्जन नाजूक भाग स्वतःच उरकू लागले होते. रेसिडेंट ओटीत हजर होता, पण मागच्या सीटवर.

‘आमच्याकडे पेशंट भरपूर’

इथे कुणीही म्हणेल, ते अमेरिकेचं झालं. आपल्याकडे पेशंटची काय कमी? केईएम, जेजे किंवा ससूनमध्ये एका दिवसात जेवढं बघायला मिळतं, तेवढं तिकडे महिन्यात मिळत नाही.

मुद्दा चुकीचा नाही. पण अर्धाच आहे. बघायला मिळणं आणि शिकायला मिळणं यात फरक आहे. ऑपरेशनच्या वेळी एका टेबलाभोवती सर्जन, एक-दोन असिस्टंट, भूलतज्ज्ञ आणि नर्स असतात. सर्वांत ज्युनिअरच्या वाट्याला बहुतेक वेळा रिट्रॅक्टर येतो, म्हणजे जखमेच्या कडा बाजूला ओढून धरायचं धातूचं अवजार. दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर कॅमेरा. हे कामही महत्त्वाचंच आहे. पण अशी शंभर ऑपरेशनं ‘धरून’ काढली आणि सर्जन इथेच का थांबला, तिथे का कापलं नाही, हे कुणी एकदाही सांगितलं नाही, तर शंभरावं ऑपरेशन पहिल्यापेक्षा किती वेगळं?

दुसरं टोकही आहे. रात्रीच्या इमर्जन्सीला ज्युनिअरवर अचानक सगळंच येऊन पडतं आणि वरचा माणूस फोनवर. कालपर्यंत मागच्या सीटवर असलेल्याला आज थेट घाटात गाडी, तीही एकट्याने. सर्जरीत ‘एक बघ, एक कर, एक शिकव’ अशी जुनी म्हण आहे. ऐकायला भारी वाटते. तुमच्या आजीवर त्यातलं दुसरं वाक्य चाललंय असं समजलं तर?

मास कॉमच्या भाषेत सांगतो. तुमची कॉपी सबएडिटरने गुपचूप दुरुस्त करून छापली, तर बातमी चांगली होते, पण तुम्ही काही शिकत नाही. आणि कॉपी न तपासताच छापली, तर वाचकांवर अन्याय होतो. तिसरा मार्ग एकच. समोर बसवून सांगायचं, ‘हे वाक्य इथे का हलवलं, बघ.’ या तिसऱ्या मार्गाला ओटीत काय म्हणायचं?

मदतीच्या चार पायऱ्या

अमेरिकेतले सर्जन जे झ्विशेनबर्गर यांच्या नावावरून ‘झ्विश स्केल’ नावाची एक साधी मोजपट्टी तयार झाली. ऑपरेशनच्या महत्त्वाच्या भागात शिकवणाऱ्याने किती मदत केली, त्याच्या चार पायऱ्या.

पहिली, ‘दाखव आणि सांग’. सर ऑपरेशन करतात आणि काय करतोय, का करतोय ते बोलून दाखवतात. दुसरी, ‘सक्रिय मदत’. अवजार रेसिडेंटच्या हातात, पण दिशा सर देतात. तिसरी, ‘मूक मदत’. आता पुढचं पाऊल रेसिडेंट ठरवतो, सर असिस्ट करतात आणि गरज पडली तरच बोलतात. चौथी, ‘फक्त देखरेख’. सर शेजारी आहेत, पण ऑपरेशन रेसिडेंटचं आहे.

ड्रायव्हिंग स्कूलची कारच आहे ही. ब्रेक चारही पायऱ्यांवर शाबूत असतो, फक्त त्यावरचा पाय हळूहळू हलका होतो.

यात नवीन काय, असं वाटेल. चांगले शिक्षक हे पूर्वापार करतातच. नवीन आहे ते नोंद ठेवणं. अमेरिकेत ‘सिंपल’ नावाचं मोबाइल अ‍ॅप आहे. ऑपरेशन झालं की शिकवणारा तीन गोष्टी नोंदवतो: मदत किती लागली, काम कसं झालं, केस किती अवघड होती. हवं तर दोन वाक्यांत तोंडी सूचना रेकॉर्ड करतो. काम मिनिटभराचं. अशा शे-दोनशे नोंदी जमल्या की चित्र दिसायला लागतं. हा रेसिडेंट हर्नियात चौथ्या पायरीवर पोचलाय, पित्ताशयात मात्र वर्षभर दुसऱ्यावरच अडकलाय. का?

कधी या ‘का’चं उत्तर अडचणीचंही असतं. छातीच्या सर्जरीतल्या अमेरिकन रेसिडेंट्सच्या अशा नोंदी तपासल्या, तेव्हा मुलींना मुलांपेक्षा कमी स्वातंत्र्य दिलं जात असल्याचं दिसलं. मोजलं नसतं, तर ‘तसं काही नसतं गं’ म्हणून विषय संपला असता.

आपल्याकडे लॉगबुक आहे. नियमाने ठेवावंच लागतं. ‘पाहिलं’, ‘असिस्ट केलं’, ‘देखरेखीखाली केलं’, ‘स्वतंत्र केलं’ अशा धर्तीच्या नोंदी त्यात असतात. म्हणजे ढाचा तयार आहे. पण लॉगबुक परीक्षेच्या आदल्या महिन्यात एका दमात भरलं गेलं, तर ते जर्नल सबमिशनसारखंच होतं. तुम्हीही केलंय ना ते? नोंद त्याच दिवशी झाली आणि शिकवणाऱ्याने स्वतः पायरी लिहिली, तरच तिला अर्थ आहे.

दोन मिनिटं आधी, दोन मिनिटं नंतर

सगळ्यात स्वस्त सुधारणा पुढेच आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही सर्जन-शिक्षकांनी ओटीतल्या शिकवण्यासाठी तीन टप्प्यांची पद्धत मांडली. आधी थोडकं बोलणं, मध्ये नेमकं शिकवणं, शेवटी उजळणी. ऐकायला इतकं साधं की हसू येईल. पण एक उदाहरण घेऊन बघूया.

दुर्बिणीतून पित्ताशय काढायचंय. पोटावर तीन-चार छोटी छिद्रं, आत कॅमेरा, स्क्रीनवर चित्र. यातला नाजूक क्षण एकच. पित्ताशयाची नळी आणि त्याची रक्तवाहिनी ओळखून, त्यांना क्लिप लावून कापायचं. शेजारूनच यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका जाते. चुकून तीच कापली गेली, तर साध्या ऑपरेशनसाठी आलेल्या पेशंटला पुढे मोठ्या ऑपरेशनला सामोरं जावं लागतं. म्हणून १९९५ मध्ये ‘क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी’ हा निकष मांडला गेला. आजूबाजूची चरबी साफ झाली, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा झाला आणि आत जाणाऱ्या फक्त दोन गोष्टी स्वच्छ दिसल्या, तरच क्लिप. नाहीतर थांबायचं.

टप्पा पहिला. हात धुताना, सिंकपाशी. सर विचारतात, ‘आज तुला यातलं काय शिकायचंय?’ रेसिडेंट सांगतो, ‘सर, मागच्या वेळी त्या दोन नळ्या सुट्या करताना अडकलो होतो.’ ‘ठीक आहे, आज तो भाग तू कर. रक्त यायला लागलं किंवा चित्र स्पष्ट दिसलं नाही, तर मी घेईन.’ झालं! दोन मिनिटांत ध्येय ठरलं आणि ब्रेक कधी दाबणार हेही आधीच ठरलं. मग मध्येच अवजार काढून घेतलं तरी तो अपमान वाटत नाही.

टप्पा दुसरा. ऑपरेशन चालू असताना. ‘अरे, नीट कर ना’ या वाक्यातून काय शिकायचं? त्याऐवजी ‘डाव्या हाताने पित्ताशयाची मान पेशंटच्या उजव्या बाजूला ओढून धर, आता बघ मधली जागा उघडते का’ असं सांगितलं, तर हाताला नेमकं काम मिळतं. आणि क्लिप लावण्याआधी प्रश्न: ‘तुला काय दिसतंय? दोनच आहेत, याची खात्री कशावरून?’ डोकं कसं चालायला हवं, ते या प्रश्नात कळतं.

टप्पा तिसरा. त्वचेचे टाके घालताना. पेशंट अजून भुलेत आहे, मुख्य काम झालंय, सगळे तिथेच आहेत. ‘कसं झालं असं तुला वाटतं? पुढच्या वेळी काय वेगळं करशील? चांगलं काय जमलं?’ आणखी दोन मिनिटं. नाहीतर ग्लोव्हज काढले की सर पुढच्या केसला, रेसिडेंट वॉर्डात. शिकण्याचा क्षण मुखवट्यांसोबत कचऱ्याच्या डब्यात.

याला मशीन लागत नाही, टेंडर लागत नाही, बजेटमध्ये तरतूद लागत नाही.

कोहळ्यापासून सिम्युलेटरपर्यंत

पण पहिला प्रयत्न जिवंत माणसावर कशाला? हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत सरावासाठी एक स्वतंत्र अध्यायच आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुधी, काकडीसारख्या फळांवर करायचा, भेदण्याचा पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशव्यांवर, खरवडण्याचा केसाळ कातड्यावर. शास्त्र कितीही वाचलं तरी असा सराव न केलेला माणूस कामाला अपात्र, असा त्याचा रोख आहे. सुश्रुताचं नाव भाषणात घेणाऱ्यांनी हा अध्याय जरूर उघडावा.

याच विचाराची आजची आवृत्ती म्हणजे बॉक्स ट्रेनर. एक डबा, आत कॅमेरा, दोन लांब चिमटे. छोटे तुकडे एका खुंटीवरून उचलायचे, हवेत दुसऱ्या हातात द्यायचे, दुसऱ्या खुंटीवर ठेवायचे. वेळ लावून. स्क्रीनकडे बघत. दिसतं तेवढं सोपं नाही. गेमिंग करणाऱ्यांनी ट्राय करावं! अमेरिकेत जनरल सर्जन म्हणून बोर्डाची परीक्षा द्यायची, तर अशा कौशल्यांची चाचणी पास व्हावीच लागते.

उपयोग होतो का? २००२ मध्ये १६ रेसिडेंट्सवर केलेला एक प्रयोग गाजला. अर्ध्यांना कॉम्प्युटर सिम्युलेटरवर सराव दिला, अर्ध्यांना नेहमीसारखंच शिकवलं. नंतर खऱ्या पेशंटचं पित्ताशय यकृतापासून सोडवताना सराव केलेले २९ टक्के जास्त वेगवान निघाले आणि त्यांच्या चुकाही कितीतरी कमी झाल्या. प्रयोग छोटा होता, पण दिशा स्पष्ट होती. हाताचं प्राथमिक वळण बाहेरच लागलं, तर ओटीतला महागडा वेळ खऱ्या शिकण्यासाठी मोकळा होतो.

मात्र स्किल लॅब बांधली म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. लॅबला कुलूप आणि किल्ली क्लार्ककडे, हे आपल्याला कॉलेजच्या लायब्ररीपासून माहीत आहे. रात्री ड्युटी संपवून आलेल्या रेसिडेंटला अर्धा तास सराव करता यायला हवा आणि ठरावीक पातळी गाठल्याशिवाय टेबलावर त्या कामाची संधी नाही, असा नियम हवा. ड्रायव्हिंग टेस्टही असतेच की.

सरांना कोण शिकवणार?

आता शिकवणाऱ्यांची बाजू. एका दिवसाच्या लिस्टवर आठ केसेस, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघतोय, शेवटच्या पेशंटचे नातेवाईक सकाळपासून उपाशी बसलेत. अशा वेळी रेसिडेंटला सावकाश करू दिलं, तर एखादी केस पुढे ढकलावी लागते. ही अडचण खोटी नाही. शिकवण्याला वेळ लागतो आणि कुणीतरी त्याची किंमत मोजतो. म्हणूनच लिस्ट बनवतानाच ‘ही केस शिकवण्याची’ असं ठरवून तिला जास्त वेळ दिला पाहिजे. सगळ्या आठ केसेस शिकवायच्या नाहीत. एक तरी नीट शिकवायची.

शिवाय उत्तम सर्जन हा उत्तम शिक्षक असतोच, असं नाही. आपल्या प्राध्यापकांना बढतीसाठी वैद्यकीय शिक्षणपद्धतीचा एक बेसिक कोर्स करावा लागतो. पण दुसऱ्याच्या हातातून ऑपरेशन करवून घेणं हे वेगळंच कसब आहे. टेबलावर ओरडणं, सगळ्यांसमोर पाणउतारा करणं यालाच ‘कडक शिस्त’ समजणारी परंपरा अजून आहे. भीतीने माणूस गप्प होतो. आणि ओटीत ज्युनिअर गप्प झाला, तर धोका पेशंटला. ‘सर, ही नळी वेगळी वाटतेय’ हे वाक्य बोलायची हिंमत राहिली पाहिजे.

इथे अतुल गावंडेंची गोष्ट सांगायलाच हवी. वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, स्वतः बोस्टनमध्ये सर्जन आणि लेखक. आठ वर्षं प्रॅक्टिस झाल्यावर त्यांना वाटलं, आपली प्रगती थांबलीय. मोठमोठ्या टेनिसपटूंना कोच असतो, मग सर्जनला का नाही? त्यांनी आपल्या जुन्या, निवृत्त शिक्षकांना ओटीत येऊन फक्त बघायला सांगितलं. ऑपरेशन छान झालं होतं. तरी शिक्षकांच्या वहीत मुद्दे निघालेच. कोपर मध्ये मध्ये खांद्याइतकं वर जातंय. दिवा जखमेवरून सरकलाय, हे बराच वेळ लक्षात आलं नाही. कापड असं लावलंय की असिस्टंटला जागाच उरत नाही. हे सगळं गावंडेंनी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये स्वतः लिहिलं. नावाजलेला सर्जन ‘माझं बघा आणि सांगा’ म्हणू शकतो, तर युनिट हेडने महिन्यातून एकदा सहकाऱ्याला आपलं शिकवणं बघायला बोलवायला काय हरकत आहे?

कॅमेराही मदतीला आहेच. दुर्बिणीच्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग सहज करता येतं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या २० सर्जननी लठ्ठपणावरच्या ऑपरेशनचे आपापले व्हिडिओ दिले आणि इतर सर्जननी नावं न कळता त्यांना मार्क दिले. सर्वांत कमी मार्क मिळालेल्या गटाच्या पेशंटमध्ये गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के होतं, सर्वांत वरच्या गटात ५.२ टक्के. म्हणजे हाताची सफाई डोळ्यांना दिसते आणि तिचा हिशेब पेशंटच्या शरीरावर होतो. क्रिकेटर मॅचचे व्हिडिओ बघून शिकतात. पेशंटची संमती घेऊन आणि ओळख लपवून, सर्जरीतही आठवड्याला एक तास हे करता येईल.

आणि पेशंट?

या सगळ्यात ज्याच्या पोटावर शिकणं चाललंय, त्याला कुणी विचारलं का? सरकारी हॉस्पिटलात येणारा माणूस बहुतेकदा गरीब असतो. सहीसाठी पुढे केलेल्या कागदावर तो सही किंवा अंगठा देतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत, आपल्यावर उपचार करणारे कोण आहेत आणि त्यांचा व्यावसायिक दर्जा काय, हे जाणून घेण्याचा हक्क नमूद आहे. ‘तुमच्या ऑपरेशनमध्ये शिकाऊ डॉक्टरही भाग घेतील, मोठे डॉक्टर पूर्ण वेळ शेजारी असतील’ हे मराठीत, शांतपणे सांगायला किती वेळ लागतो?

कुणीच शिकाऊ डॉक्टरला हात लावू दिला नाही, तर वीस वर्षांनी ऑपरेशन करायला कुणी उरणार नाही. आणि शिकण्याचा सगळा भार फक्त गरिबांनी उचलायचा, हेही न्यायाचं नाही. यातून मधला रस्ता एकच: शिकणं इतकं नीट आखायचं की पेशंटला त्याची झळ बसू नये.

मग मागायचं काय?

एनएमसी, नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि आपली मेडिकल कॉलेजं यांच्याकडे मागण्या फार मोठ्या नाहीत. किती केसेस बघितल्या यासोबत, कुठल्या पायरीवर केल्या याची त्याच दिवशी नोंद. दर लिस्टमध्ये किमान एक शिकवण्याची केस. टेबलावर जाण्याआधी लॅबमधली चाचणी, आणि लॅब रात्रीही उघडी. शिकवणाऱ्यांना ओटीत शिकवण्याचं प्रशिक्षण, आणि वर्षातून एकदा रेसिडेंट्सकडून त्यांच्या शिकवण्यावर नाव न देता अभिप्राय. ड्युटीच्या तासांचा नियम तर पाळायचाच.

तुमच्यापैकी जे मेडिकलला आहेत, त्यांनी आदेशाची वाट बघायची गरज नाही. पुढच्या ओटीच्या दिवशी सिंकपाशी एवढंच विचारा: ‘मॅडम, आज मी यातलं कुठलं एक काम करू?’ दहापैकी तीन वेळा हो म्हटलं, तरी वर्षाअखेर हिशेब मोठा होतो. सीनिअर झालात की हाच प्रश्न तुमच्या ज्युनिअरला तुम्ही विचारा.

आणि जे मेडिकलला नाहीत, त्यांनी पुढच्या वेळी ‘नव्या मेडिकल कॉलेजला मंजुरी, इतक्या जागा वाढल्या’ ही बातमी वाचली, की आणखी एक ओळ शोधा: शिकवणार कोण आणि कसं? ती ओळ बातमीत नसेल, तर आम्हा बातमी लिहिणाऱ्यांना विचारा. विचारायलाच हवं.